ताटातलं पाणी

आमच्या शहरात बर्फ म्हणजे
भुशात लोळलेली लादी,
रसवंतीच्या पोत्यात, तीही मे महिन्यात.
तरी आम्ही चौघं
दर डिसेंबरात उत्तरेकडे तोंड करून बसतो.

फुलझेले सर रेल्वेत सिग्नल सांभाळायचे,
आता सोनेगावचा आकडा सांभाळतात.
किमान सात अंश दोन.
सात अंश शून्य.
काल परत नऊ, आणि सरांचा चेहरा
गाडी डोळ्यांदेखत सुटलेल्या माणसासारखा.

रुखसाना बाई मानकापूरच्या शाळेत भूगोल शिकवतात.
सोमवारी म्हणाल्या, पहाडातून वारा निघालाय.
मंगळवारी, ग्वाल्हेरात अडकलाय.
बुधवारी, छत्तीसगडवर ढग आहेत, बघू.
अंदाज म्हणजे आमच्या मामाचं पत्र:
येतो म्हणून कळवायचा,
कोणत्या गाडीनं, ते कधीच नाही.

नयन दंडारेच्या फोनवर दोन नकाशे.
एकात नागपूर जांभळं,
एकात नुसतंच निळं.
जांभळ्यावर आमचा विश्वास. का, ते विचारू नका.

तर गुरुवारची रात्र.
कळमेश्वरच्या पुढे, तेजराम उईकेच्या वावरात,
जिथं लवणात थंडी पाण्यासारखी साचते.
तुरीचं कुटार अंथरलं, त्यावर चार ताटं,
ताटांत दोन बोटं पाणी.
ताटं तेजरामच्या घरची, लग्नातल्या आहेराची,
काठावर देणाऱ्यांची नावं कोरलेली.
कुटारही त्यानंच आणून टाकलं.
मग उभ्या उभ्या, बिडी पेटवता पेटवता म्हणाला,
"पण काहून जी, दव गोठलं तर माया हरभरा जाते ना."

कोणी काही बोललं नाही.
सरांनी मफलर नीट केला, नीटच होता.

एकला चार अंश तीन.
दीडला तीन अंश आठ.
व्याध इतका जवळ की हात पोळेल.
रुखसाना बाईंनी थर्मासचं झाकण
दोन्ही हातांत धरून ठेवलं, चहा संपल्यावरही.
दोनला वीज आली, पलीकडे मोटर सुरू झाली,
आणि तेजराम फावडं घेऊन अंधारात
हरभऱ्याला पाणी देऊ लागला,
कारण विहिरीचं पाणी कोमट असतं, पिकाला धरून ठेवतं.
इकडे आम्ही उतर, उतर म्हणतोय.
तिकडे तो, नको उतरू.
एकाच वावरात दोन नवस,
मध्ये एक धुरा.

तीन अंश एक.
नयननं श्वास रोखला, जणू त्याच्या वाफेनं पारा चढेल.

आणि साडेतीनला पूर्वेकडून ढग.
फार मोठा नाही. व्याध गेला, मग मृग गेला,
मग सगळंच.
तीन अंश सहा.
चार अंश नऊ.
सर म्हणाले, "सिग्नल पडला,"
आणि बॅटरी विझवून टाकली.

खरं सांगू? मला तेव्हा
मोटरीचा आवाज ऐकून बरं वाटलं.
हे मी वहीत लिहिलेलं नाही.

उजाडता उजाडता रुखसाना बाई चौथ्या ताटाशी वाकल्या,
करंगळी काठाला लावली.
"साय आहे," म्हणाल्या. "दुधावर येते तशी."
नयन म्हणाला, कुटाराची धूळ.
सर चश्मा शोधेपर्यंत
तिथं पाणीच होतं,
पाण्याखाली कोणा सोनाबाईचं नाव.

वहीत नोंद अशी:
किमान तीन अंश एक. आकाश ढगाळ. वारा नाही.
बर्फ, आणि पुढे जागा.

तेजराम आला, पोटऱ्यांपर्यंत चिखल.
एकेक ताट उचलून धुऱ्यावर रिकामं करत गेला.
चौथं उचललं, ओतलं नाही लगेच.
उजेडाकडे तिरपं धरून
थोडा वेळ तोही बघत राहिला.